बेसबॉलचे फिरस्ते स्काउट : पुन्हा जाऊन बघणारी माणसं

रानवारा :

बरेच दिवस ह्यावर लिहायचं मनात होतं. बेसबॉल आपल्याकडे फार कोणी बघत नाही हे माहितीये, पण हा धागा खेळाच्या नियमांवर नाहीच. जे स्वतः मैदानात उतरत नाहीत, टीव्हीवर दिसत नाहीत, ज्यांची नावं त्या खेळाच्या चाहत्यांनाही सांगता येत नाहीत, त्या स्काउट लोकांबद्दल, म्हणजे टीमसाठी नवे खेळाडू हुडकत फिरणाऱ्यांबद्दल आहे.

आधी त्यांचं काम काय ते सांगतो. अमेरिकेत प्रत्येक टीमचे एरिया स्काउट असतात, एकेकाकडे एखादं मोठं राज्य किंवा दोनतीन राज्यं मिळून असा पट्टा. हिवाळा संपत आला की हा माणूस गाडी काढतो आणि ड्राफ्ट (सगळ्या टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडून घेतात तो) होईपर्यंत गाडीतच राहतो म्हटलं तरी चालेल. दुपारी एका गावात हायस्कूलची मॅच, संध्याकाळी दीडशे मैलांवर कॉलेजची, रात्री मोटेल, तिथे बसून रिपोर्ट टाइप करायचा, सकाळी परत निघायचं. आणि पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, बघायचा असेल तर अजून पंचाईत, कारण शाळेतला चांगला पिचर आठवड्यातून एकदा टाकतो, तुम्ही चार तास गाडी मारून पोचलात आणि पाऊस आला किंवा कोचने आयत्या वेळी त्याला बसवलं की तो आठवडा गेला. म्हणून ही माणसं सतत कोचना फोन करत असतात, कोण कुठल्या दिवशी टाकणार ते विचारत.

मैदानावर पोचले की होमप्लेटच्या (बॅटर उभा राहतो तिथल्या) मागे जाळीपाशी बसायचं. हातात स्टॉपवॉच, रडार गन आणि वही. मॅच सुरू व्हायच्या खूप आधी यायचं, कारण बॅटिंग प्रॅक्टिस आणि इनफिल्डचा सराव बघायचा असतो. मॅचमध्ये एखाद्या पोराकडे एकही बॉल जात नाही, सरावात मात्र त्याचा हात, त्याचे पाय, सगळं दिसतं. बॅटला बॉल लागल्यापासून पहिल्या बेसवर पाय पडेपर्यंतचा वेळ घेतात. अंतर ९० फूट. उजव्या हाताने खेळणाऱ्याला ४.३ सेकंद लागले तर तो मोठ्या लीगच्या (मेजर लीग, सगळ्यात वरची) हिशेबात साधारण, ४.० च्या आसपास आला की सगळ्यांची स्टॉपवॉच एकदम खिशातून बाहेर.

मग मार्क द्यायचे. फटका, ताकद, पळणं, फील्डिंग, थ्रो असे पाच गुण, आणि मार्क २० ते ८० मध्ये. ५० म्हणजे मोठ्या लीगमधला सरासरी खेळाडू. प्रत्येक गुणाला दोन आकडे : आज किती आणि पुढे किती. ह्यातला दुसरा आकडा म्हणजे स्काउटचा खरा पगार. सतरा वर्षांचं पोर, मिसरूड फुटलेली नाही, खांदे भरलेले नाहीत, ते बावीसाव्या वर्षी कसं दिसेल हे लिहून खाली सही करायची.

मला ह्या लोकांबद्दल जे सांगायचंय ते असं की एकदा बघून "हा नाही" म्हणणं फार सोपं असतं आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. मोठे स्काउट मोठे झाले ते जिथे नकार द्यायला सबळ कारण होतं तिथे थांबून पुन्हा बघितल्यामुळे.

क्लाइड सुकफोर्थचंच बघा. मेन राज्यातला माणूस, सिनसिनाटीकडून कॅचर होता, १९३१ मध्ये शिकारीला गेला असताना छर्रा लागून उजव्या डोळ्याची नजर अधू झाली. नंतर ब्रुकलिन डॉजर्सचा स्काउट झाला. ऑगस्ट १९४५ मध्ये डॉजर्सचा कारभार बघणाऱ्या ब्रँच रिकीने त्याला शिकागोला पाठवलं, कॅन्सस सिटी मोनार्क्सचा (काळ्या खेळाडूंची टीम, मोठ्या लीगमध्ये त्यांना तेव्हा घेत नसत) एक शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर) आहे, जॅकी रॉबिन्सन, त्याचा हात बघून ये, लांबून थ्रो करता येतो का बघ. सुकफोर्थ पोचला तर रॉबिन्सनचा खांदा दुखावलेला, थ्रो करणं तर सोडाच, तो काही दिवस खेळणारही नव्हता. ज्या एका गोष्टीसाठी पाठवलं तीच बघायला मिळेना. दुसरा कोणी असता तर "बघता आलं नाही" असा रिपोर्ट देऊन मोकळा झाला असता. सुकफोर्थ त्याच्याशी बोलत बसला, त्याच्या प्रश्नांवरून हा पोरगा काय पाण्याचा आहे ते त्याला कळलं, आणि नाहीतरी तू खेळणार नाहीयेस तर चल ब्रुकलिनला असं म्हणून बरोबर घेऊनच आला. २८ ऑगस्टला रिकीशी ती प्रसिद्ध भेट झाली. १५ एप्रिल १९४७ ला रॉबिन्सन मोठ्या लीगमध्ये पहिली मॅच खेळला तेव्हा तात्पुरता मॅनेजर कोण होता, तर सुकफोर्थच.

हाच माणूस पुढे रिकीबरोबर पिट्सबर्गला गेला. १९५४ मध्ये त्याला रिचमंडला पाठवलं ते जो ब्लॅक नावाच्या पिचरला बघायला. मॅचच्या आधी सराव चालू असताना आउटफिल्डमधून एका पोराचे थ्रो बघितले आणि जो ब्लॅक बाजूलाच राहिला. रॉबर्टो क्लेमेंटे. डॉजर्सने त्याला मॉन्ट्रियलच्या मायनर (खालच्या) लीगमधल्या टीममध्ये ठेवून फार खेळवलंच नव्हतं, कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून असं बरेच जण सांगतात. नियम असा होता की मोठा बोनस देऊन घेतलेला पोरगा मोठ्या टीममध्ये नाही ठेवला तर दुसरी टीम त्याला उचलू शकते. पिट्सबर्गने ४००० डॉलर्सना उचलला.

तुम्हाला अजून कोणी माहीत असतील तर सांगा. मी टोनी लुकाडेलोवर पुढच्या प्रतिसादात लिहितो.

कट्टेकरी :

मस्त धागा! बेसबॉलचं ओ की ठो कळत नाही पण एका दमात वाचलं. एक प्रश्न, आता ड्राफ्ट आहे म्हणताय, मग स्काउटने शोधून काय उपयोग? पोरगा कोणाच्याही टीमला जाऊ शकतो ना?

रानवारा :

अगदी बरोबर पकडलंत. १९६५ च्या आधी ड्राफ्ट नव्हता. जो आधी पोचेल आणि आईबापांचा विश्वास मिळवेल त्याचा पोरगा. पुढे मोठा स्टार झालेल्या मिकी मँटलला न्यूयॉर्क यांकीजच्या टॉम ग्रीनवेडने १९४९ मध्ये मॅच संपल्यावर पावसात स्वतःच्या गाडीत बसवून साइन केलं, बोनस ११५० डॉलर्स. तेव्हा स्काउट म्हणजे अर्धा पारखी आणि अर्धा सोयरीक जमवणारा. ड्राफ्ट आल्यावर शोधलेला पोरगा आपल्यालाच मिळेल ह्याची खात्री गेली, वर्षभर ज्याच्या मागे फिरलात तो तुमच्या आधीच्या टीमने घेतला की संपलं.

म्हणून तर लुकाडेलो लपायचा. फोस्टोरिया, ओहायो इथे राहायचा, आधी शिकागो कब्ज ह्या टीमसाठी आणि मग तीसेक वर्षं फिलाडेल्फिया फिलीजसाठी ओहायो-मिशिगन-इंडियाना पट्ट्यात गाडी घेऊन हिंडला. पन्नासच्या आसपास पोरं त्याने साइन केलेली मोठ्या लीगपर्यंत गेली. हा कधी बाकीच्या स्काउटांच्या घोळक्यात बसायचा नाही. मैदानाच्या कडेकडेने चालत राहायचा, पोराला समोरून बघायचं, बाजूने बघायचं, मागून बघायचं. बेसबॉलचा बहुतेक खेळ कंबरेखाली असतो असं त्याचं ठाम मत, म्हणून नजर पायांवर. डेटनचा माइक श्मिट शाळेत असल्यापासून त्याच्या डोक्यात होता. श्मिटचे गुडघे अधू, शाळेत असताना कोणी फार विचारलं नाही. लुकाडेलो वर्षानुवर्षं जात राहिला, पण उघडपणे नाही, गाडीतून, झाडाआडून, म्हणजे इतरांना सुगावा लागू नये. १९७१ च्या ड्राफ्टमध्ये फिलीजने त्याला दुसऱ्या फेरीत घेतला, तिसावा नंबर. पुढे ५४८ होमरन (आपल्या सिक्ससारखे, मैदानाबाहेर मारलेले फटके).

आणि त्याचे खबरे होते गावोगाव. कॅनडात चॅटम नावाच्या गावी एक शाळामास्तर होता, त्याने सांगितलं आमच्याकडे एक उंच काळा पोरगा आहे. तो फर्ग्युसन जेंकिन्स, हॉल ऑफ फेममधला (बेसबॉलमधल्या थोरांचा मानाचा गट) पहिला कॅनेडियन.

देवगडची_सई :

रानवारा दादा, वाचताना आमच्याकडचे आंब्याचे व्यापारी आठवले. मोहोर बघून बाग घेतात, फळ अजून धरलेलंही नसतं. पाऊस, थ्रिप्स, तुडतुडे सगळं पुढे असतं आणि माणूस झाडाखाली उभा राहून आकडा सांगतो. माझे काका एकाच बागेत सकाळी आणि परत उन्हं उतरल्यावर जायचे. लिहीत राहा, वाचतेय.

गणिती :

लेख छान आहे पण थोडी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. आपण जे चुकले नाहीत त्यांच्याच गोष्टी सांगतोय. माइक पियाझा १९८८ मध्ये ६२ व्या फेरीत घेतला, तोही डॉजर्सचा मॅनेजर टॉमी लासोर्डाच्या ओळखीमुळे, म्हणजे सगळ्या देशातल्या सगळ्या स्काउटांनी त्याला हजारापेक्षा जास्त वेळा सोडलं. अल्बर्ट पुहोल्स १९९९ मध्ये १३ व्या फेरीत, ४०२ वा. दोघेही त्यांच्या पिढीतले सर्वोत्तम बॅटर. स्काउट लोकांच्या डोक्यात खेळाडू "दिसायला" कसा असावा ह्याचं एक चित्र बसलेलं असतं, उंच, रुंद खांदे, चेहरासुद्धा बघतात म्हणे! बुटका असेल तर गेला, जाडा असेल तर गेला. आकड्यांना पोरगा कसा दिसतो त्याच्याशी देणंघेणं नसतं. आता प्रत्येक मोठ्या मैदानावर बॉलचा वेग, फिरकी, बॅटवरून निघालेला कोन सगळं मोजलं जातं, कॉलेजातही मशीनं आली आहेत. हे चांगलंच झालं असं माझं प्रामाणिक मत आहे. ज्या पोराला शर्टाच्या मापावरून नाकारलं असतं त्याला आता संधी मिळते.

रानवारा :

गणिती, राग कसला, मुद्दा खराच आहे. चेहऱ्यावरून पारख करायचे हेही खरं, आणि त्याने किती पोरांचं नुकसान झालं असेल ते कधीच कळणार नाही.

पण रडार गनपण काही लॅबमधून नाही आली. मिशिगन स्टेटचा कोच डॅनी लिटव्हायलर, त्याने १९७४ मध्ये कॅम्पसमधल्या पोलिसांकडची गाड्यांचा वेग मोजायची गन बघितली आणि त्याला वाटलं हिने बॉल मोजता येईल. म्हणजे मोजणं आणि बघणं ह्यांचं भांडण मला तितकं खरं वाटत नाही. स्काउट नेहमीच मोजत आलेत.

बुटक्यांबद्दल म्हणालात म्हणून, होजे आल्तुवे. उंची ५ फूट ६ इंच. व्हेनेझुएलात माराकाय इथे ह्यूस्टन ॲस्ट्रोजची निवड चाचणी होती, पोरगा सोळाचा, पहिल्या दिवशी लहानखोर म्हणून घरी पाठवला. वडिलांनी दुसऱ्या दिवशी परत जायला लावलं. दुसऱ्या दिवशी अल पेद्रिकने त्याला खेळू दिलं, आणि २००७ मध्ये १५,००० डॉलर्सवर घेतलं. २०१७ मध्ये अमेरिकन लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वात मोलाचा खेळाडू. त्या दिवशी मशीन असतं तर काय मोजलं असतं? आदल्या दिवशी तर तो मैदानात उतरलाच नव्हता. आधी कोणीतरी "बरं, ये आत" म्हणावं लागतं.

आणि मारियानो रिव्हेरा. पनामातल्या कोळ्याचा मुलगा. यांकीजच्या हर्ब रेबर्नने त्याला शॉर्टस्टॉप म्हणून बघून सोडून दिलं होतं. नंतर कळलं की तोच पोरगा आता पिचिंग करतोय. पहिला रिपोर्ट स्वतःचाच, त्यात नकार स्वतःचाच. तरी रेबर्न परत बघायला बसला. वेग साधारणच होता, ताशी ९० मैलांच्या खाली. पण हात किती सहज फिरतो ते त्याने बघितलं, दहाबारा बॉल टाकायच्या आतच ठरवलं आणि १९९० मध्ये साइन केलं. पुढे ६५२ सेव्ह (शेवटी येऊन टीमची आघाडी टिकवणं) आणि हॉल ऑफ फेमला शंभर टक्के मतं मिळालेला आजवरचा पहिला खेळाडू. स्वतःच्या सहीखालचा नकार बाजूला ठेवून परत बघणं ह्याला मी फार मानतो.

हडसनकाठ :

इकडे न्यू जर्सीत राहते, मुलगा शाळेच्या टीममध्ये आहे (मोठ्या लीगचा नाही हो, त्याला आवडतं म्हणून). पण त्याच्या शाळेच्या विरुद्ध टीममध्ये एक पिचर होता तेव्हा हे लोक बघितलेत. सहासात जण, घडीच्या खुर्च्या स्वतःच्या घेऊन येतात, टीमच्या नावाची टोपी घालतातच असं नाही. तो पोरगा बॉल टाकायला हात मागे नेतो आणि सगळ्या रडार गन एकदम वर येतात, बॉल पोचला की सगळ्या खाली आणि सगळे वहीत लिहितात, कोणी कोणाशी काही बोलत नाही. त्या पोराची आई माझ्या शेजारी होती, ती मैदानाकडे बघतच नव्हती, ह्या लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत होती.

माइक ट्राउट आमच्याच राज्यातला, मिलव्हिलचा. इकडे थंडीमुळे सीझन छोटा, म्हणून टीम ह्या भागातल्या पोरांवर फार विश्वास टाकत नाहीत. एंजल्सचा स्काउट ग्रेग मोरहार्ट हा ट्राउटच्या वडिलांबरोबर मायनर लीगमध्ये खेळलेला. तो ट्राउटसाठी टीमच्या मागे लागला होता, तरी २००९ च्या ड्राफ्टमध्ये नंबर आला २५ वा. तोवर बाकीच्यांनी त्याला जाऊ दिलं होतं.

सावली :

एवढं कौतुक चाललंय तर डोमिनिकन रिपब्लिकबद्दलही बोलायला हवं. तिथे ड्राफ्ट नाही, सोळाव्या वर्षी साइन करता येतं. मोठ्या लीगच्या तिसही टीमच्या ॲकॅडमी आहेत तिथे. सोळाला साइन करायचं म्हणजे स्काउट तेरा-चौदाच्या पोरांना बघतात, तोंडी ठरवून टाकतात, आणि त्याच्याही आधी बुस्कोन म्हणतात तसले स्थानिक दलाल-ट्रेनर पोरांना शाळेतून काढून दिवसभर मैदानावर ठेवतात, बोनस आला की त्यातला मोठा वाटा घेतात. सॅमी सोसाला ओमार मिनायाने १९८५ मध्ये ३५०० डॉलर्सवर घेतलं, गरीब घरातलं पोर, सोळा वर्षांचं. आता आकडे लाखांत गेले पण साइन होणाऱ्यांतलेही फार थोडे मोठ्या लीगपर्यंत जातात. बाकीचे विसाव्या वर्षी घरी परत, ना शिक्षण ना काही. वय कमी दाखवायचे प्रकार झाले ते उगाच नाही, एकोणिसाव्या वर्षी तिथे पोरगा म्हातारा ठरतो. स्काउट मनाने चांगला असेलही, पण त्याची गाडी गल्लीत शिरली की पाच घरांतली पोरं शाळा सोडतात, हेही त्याच्या कामातच येतं.

रानवारा :

सावली, हे लिहिलंत ते बरं झालं, माझ्या लेखात हे यायला हवं होतं. सहमत आहे. तिथे पुन्हा जाऊन बघायलाही कोणी थांबत नाही, दुसरी टीम तोंडी ठरवून मोकळी होईल ही भीती. आंतरराष्ट्रीय ड्राफ्टची चर्चा बरीच वर्षं चालू आहे, पण दलालांची व्यवस्था तशीच राहिली तर त्यानेही किती फरक पडेल शंका वाटते.

बखरकार :

बक ओ'नीलचं नाव अजून कसं नाही आलं? माझ्या मते फिरत्या स्काउटांमध्ये त्याच्याइतका माणूस नाही.

फ्लोरिडात १९११ चा जन्म, लहानपणी सेलरीच्या शेतात राबला. सारासोटाचं हायस्कूल काळ्या मुलांना घेत नव्हतं म्हणून शिकायला जॅक्सनव्हिलला जावं लागलं. (त्याच हायस्कूलने १९९५ मध्ये त्याला मानाने डिप्लोमा दिला, तेव्हा तो ऐंशी ओलांडलेला.) कॅन्सस सिटी मोनार्क्समध्ये फर्स्ट बेसमन, मग मॅनेजर, आणि पन्नासच्या दशकात कब्जचा स्काउट. आता विचार करा, दक्षिणेत गाडी घेऊन फिरायचं, लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, आणि बहुतेक हॉटेलांत तुम्हाला खोली मिळणार नाही, खाणावळीत बसू देणार नाहीत. गोऱ्या स्काउटला रात्री मोटेल सापडलं नाही तर गैरसोय, ह्याला रात्री चुकीच्या गावात थांबणं म्हणजे जिवाला घोर. बक ओळखीच्या घरांत राहायचा, चर्चमध्ये, कॉलेजमध्ये, मास्तरांकडे त्याची माणसं होती, मोनार्क्सच्या बसमधून तो ते सगळे रस्ते आधीच फिरलेला.

आणि म्हणून त्याला जे दिसलं ते बाकीच्यांना दिसलं नाही. बॅटन रूजचं सदर्न युनिव्हर्सिटी, ग्रॅम्बलिंग, ही काळ्यांची कॉलेजं, तिथे गोरे स्काउट फारसे फिरकायचेच नाहीत. सदर्नमध्ये त्याला लू ब्रॉक सापडला. ब्रॉकने पुढे ९३८ बेस चोरले (फटका बसायची वाट न बघता पळून पुढचा बेस गाठणं) आणि ३०२३ हिट मारले, पण कब्जने त्याला १९६४ मध्येच सेंट लुईसला देऊन टाकला होता, तो सगळा फायदा दुसऱ्यांना झाला. ली स्मिथ आणि जो कार्टर हेही बकनेच हेरलेले.

त्याची एक गोष्ट मला फार आवडते. बॉलवर बॅट बसल्याचा एक विशिष्ट आवाज त्याने आयुष्यात तीनदा ऐकला असं तो सांगायचा. पहिल्यांदा फ्लोरिडात लहान असताना, कुंपणामागून, धावत जाऊन बघितलं तर बेब रूथ. दुसऱ्यांदा खेळाडू असताना, कपडे बदलता बदलता बाहेर धावला, तर जॉश गिब्सन, निग्रो लीगचा (काळ्या खेळाडूंची वेगळी लीग) कॅचर, ज्याला मोठ्या लीगने कधी खेळूच दिलं नाही. तिसऱ्यांदा ऐंशीच्या दशकात, कॅन्सस सिटी रॉयल्सचा बो जॅक्सन. म्हातारपणीसुद्धा तो आवाज परत ऐकू येईल म्हणून मैदानावर जात राहिला.

२००६ मध्ये निग्रो लीगच्या १७ जणांना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं आणि त्यात बक नव्हता. तरी समारंभात तोच त्या सगळ्यांच्या वतीने बोलला, कारण त्यातलं कोणी जिवंत नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो गेला. २०२२ मध्ये घेतलं शेवटी.

मैदानी :

वा बखरकार, अंगावर काटा आला.

आपल्याकडचं एक सांगतो. क्रिकेटमध्ये निवड समितीचे लोक मोठ्या मॅचना जायचे, जिल्ह्याच्या ठिकाणी कोण बघणार? मकरंद वायंगणकर, आपल्या मुंबईचे क्रीडा पत्रकार, त्यांच्या डोक्यातून टॅलेंट रिसोर्स डेव्हलपमेंट विंगची कल्पना निघाली, बोर्डाने २००२ मध्ये दिलीप वेंगसरकरांकडे ती सोपवली. जुने रणजी खेळाडू छोट्या गावांत मॅच बघायला पाठवायचे आणि रिपोर्ट मागवायचे. त्यातले एक बंगालचे प्रकाश पोद्दार, २००३ मध्ये जमशेदपूरला झारखंडची मॅच बघत होते आणि त्यांनी धोनीबद्दल लिहून पाठवलं. योजनेच्या वयाच्या मर्यादेत धोनी बसत नव्हता, तरी पाठवलं. ही योजना पुढे गुंडाळली ह्याचं मला आजही वाईट वाटतं. आता आयपीएल टीमचे स्काउट फिरतात पण ते त्यांच्या टीमसाठी, रणजीची काळजी त्यांनी का करावी?

आणि बेसबॉलवाल्यांनी २००८ मध्ये आपल्या देशातपण गावोगाव रडार गन लावून स्पर्धा घेतली होती, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघं उत्तर प्रदेशातले भालाफेकीवाले, बेसबॉल हातात धरलेला नव्हता. रिंकूने ताशी ८७ मैल टाकला. पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना साइन केलं, मायनर लीगमध्ये खेळले, मोठ्या लीगपर्यंत नाही पोचले.

गणिती :

रिंकूचं उदाहरण माझ्याच विरुद्ध जातं खरं तर, वेग होता, पण वेग म्हणजे पिचिंग नाही. मान्य.

कट्टेकरी :

आता ह्या लोकांचं काय चाललंय? नोकऱ्या टिकल्यात का?

रानवारा :

कमी होतायत. ॲस्ट्रोजने २०१७ पासून बरेच स्काउट काढले, व्हिडिओ आणि आकड्यांवर भर दिला, त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकलेसुद्धा, मग बाकीच्यांनी तेच केलं. २०२० मध्ये कोरोनात ड्राफ्ट फक्त ५ फेऱ्यांचा झाला, आधी ४० असायच्या, नंतर २० वर आणला. २०२१ मध्ये मायनर लीगच्या टीमही कमी करून १२० केल्या. फेऱ्या कमी म्हणजे ६२ व्या फेरीतला पियाझा आता कुठून येणार? २०२३ मध्ये काही माजी स्काउटांनी वयावरून भेदभाव केला म्हणून मेजर लीगवर कोर्टात दावा लावला. आणि हॉल ऑफ फेममध्ये खेळाडू, मॅनेजर, अंपायर, अधिकारी असे प्रकार आहेत, स्काउट असा प्रकारच नाही. तो सुरू व्हावा असं मला मनापासून वाटतं, आणि पहिलं नाव लुकाडेलोचं असावं.

देवगडची_सई :

हडसनकाठ ताई, त्या पिचर मुलाचं पुढे काय झालं?

हडसनकाठ :

सई, त्याची आई सांगत होती त्यांच्या घरी दोन स्काउट येऊन बसले होते, संध्याकाळी, जेवणाच्या टेबलाशी. खेळाबद्दल फार कमी विचारलं. आईवडिलांची उंची किती, चष्मा आहे का, खांदा-कोपर कधी दुखावलंय का, अभ्यासात कसा, चिडतो का, घरी कामं करतो का. आणि सगळ्यात शेवटी, किती पैसे दिले तर कॉलेज सोडून सही करेल. हा आकडा त्यांना आधीच लागतो, कारण इकडे हायस्कूलचा मुलगा नाही म्हणून कॉलेजला जाऊ शकतो, आणि चार वर्षांच्या कॉलेजला गेला की तिसरं वर्ष होईपर्यंत किंवा २१ चा होईपर्यंत ड्राफ्टमध्ये येत नाही. वडील आकडा सांगायला तयार होते. आईने सांगितलं, आधी कॉलेज. तो कॉलेजला गेला. त्यातल्या एका स्काउटने जाताना तिला स्वतःचा नंबर दिला आणि तिकडच्या मॅचनाही येईन म्हणाला, आणि गेल्या वसंतात तो खरंच आला होता.